दोन ॲम्प, एक गिटार आणि उजवा हात

महागड्या ट्यूब ॲम्पबद्दल मला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच : "दोन लाखांच्या ॲम्पपेक्षा सात लाखांचा खरंच भारी वाजतो का?" विचारणारा बहुतेक वेळा सात लाख जमवून बसलेला असतो आणि त्याला 'हो' ऐकायचं असतं. पश्चिम लंडनमधल्या एका दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये मी काही वर्षं काम केलं, नंतर मुंबईत कार्यक्रमांना भाड्यानं ॲम्प पुरवणाऱ्यांकडे. दोन्हीकडे फेंडर, मार्शल, व्हॉक्स रोज हाताखालून जायचे. मॅचलेस, टू-रॉक यांच्यासारखा एखादा बडा पाहुणा मधूनच यायचा. त्यातून ज्या गोष्टी पक्क्या झाल्या त्या खाली लिहितो आहे. क्रमाला फारसा अर्थ नाही, पहिली गोष्ट तेवढी सोडून.

१. आधी दोघांचा आवाज सारखा करा, मग मत द्या.

दोन ॲम्प शेजारी ठेवले की जो जरा मोठा वाजतो तो 'भरदार', 'मोकळा', 'जिवंत' वाटतो. फरक जेमतेम एक-दीड डेसिबलचा असला तर तो मोठेपणा म्हणून कळतही नाही. कान त्याला सरळ दर्जाच समजतो. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि जो विकायचा आहे तो ॲम्प नेहमी नखभर वर ठेवलेला असतो. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली कानाच्या संवेदनेचे जे आलेख मांडले त्यांत याचं कारण सापडतं. आवाज लहान असताना आपल्याला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज चढवला की तो भरून येतो. म्हणजे बास-ट्रेबलला हात न लावता नुसता व्हॉल्यूम वाढवला तरी टोन बदलल्यासारखा वाटणारच.

उपाय फुकटातला आहे. फोनवर डेसिबल मोजणारं कुठलंही ॲप घ्या, ॲम्पपासून तीनेक फुटांवर स्टुलावर फोन ठेवा, दोन्ही ॲम्पवर एकच कॉर्ड सारख्याच जोरानं वाजवा आणि आकडे जुळवा. ॲप अचूक नसलं तरी बिघडत नाही. दोन्हींना तेच माप लागतंय एवढं पुरे.

नॉबवरचे आकडे मात्र जुळवत बसू नका. "दोन्ही पाचवर ठेवलेत" याला काहीच अर्थ नसतो. एखाद्या ॲम्पचा व्हॉल्यूम तीनपर्यंतच सगळं देऊन मोकळा होतो, दुसऱ्याचा आठपर्यंत सावकाश चढत राहतो. टोनच्या नॉबांचंही तेच. फेंडरच्या जुन्या ट्विन रिव्हर्बवर बास, मिडल, ट्रेबल तिन्ही शून्यावर आणा. आवाज जवळजवळ बंदच पडतो, कारण सिग्नलला पुढे जायची वाट त्या तिघांतूनच आहे. तिन्ही मधोमध ठेवले म्हणजे सपाट, निर्लेप टोन मिळतो हाही गैरसमज. फेंडरच्या त्या रचनेत मधले स्वर मुळातच खाली दबलेले असतात.

२. घराणं ओळखा.

किराण्याच्या गवयाला जयपूरच्या गवयाशेजारी बसवून "चांगलं कोण गातं" असं विचारण्यात जेवढा अर्थ, तेवढाच मॅचलेस आणि टू-रॉक यांची थेट तुलना करण्यात. गिटार ॲम्पची मोठी घराणी तीन : कॅलिफोर्नियातलं फेंडर, लंडनचं मार्शल आणि केंट परगण्यातल्या डार्टफर्डचं व्हॉक्स.

त्यातलं मार्शल हे खरं तर फेंडरच्याच पोटी जन्मलेलं. जिम मार्शल हा ड्रमर आणि ड्रम शिकवणारा. लंडनच्या हॅनवेल भागात त्याचं वाद्यांचं दुकान होतं. तिथं येणाऱ्या पोरांना अमेरिकन ॲम्प हवे असत आणि ते इंग्लंडात परवडत नसत. १९६२ मध्ये त्याच्याकडे दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण तंत्रज्ञ यांनी फेंडरच्या बासमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा ॲम्प बांधला. तोच पुढे जेटीएम४५ झाला. कागदावर दोन्ही सर्किटं जवळपास सारखी आहेत. पण बासमनमध्ये पहिली ट्यूब कमी गेनची १२एवाय७ होती, तिथं इंग्लंडात सहज मिळणारी ईसीसी८३ बसली. बासमनच्या उघड्या पाठीच्या पेटीत दहा इंची चार स्पीकर होते. मार्शलनं बारा इंची चार सेलेस्टियन बंद पेटीत कोंबले. आउटपुटला सुरुवातीला ५८८१ होत्या, थोड्याच काळात ब्रिटिश केटी६६ आल्या. एवढ्या फेरफारात अमेरिकन बास गिटारसाठी केलेला ॲम्प इंग्लिश ब्लूजचा आवाज होऊन बसला. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टननं जॉन मेयॉलच्या 'ब्लूजब्रेकर्स'बरोबर जो गाजलेला आवाज काढला तो याच सर्किटच्या कॉम्बोचा. त्या कॉम्बोचा मॉडेल नंबर '१९६२' आहे, सालाशी त्याचा संबंध नाही. तरी जुन्या ॲम्पच्या जाहिरातींत त्याला बिनदिक्कत १९६२ सालचा म्हणून खपवणारे मी पाहिले आहेत.

व्हॉक्सची गोष्ट निराळी. डिक डेनी या गिटारवादक तंत्रज्ञानं टॉम जेनिंग्जच्या कंपनीसाठी १९५८ च्या सुमारास एसी१५ केला आणि पाठोपाठ, 'शॅडोज'सारख्या बँडना जास्त आवाज हवा म्हणून, एसी३०. चार ईएल८४ ट्यूब, उघडी पाठ, आणि उंच पट्टीत काचेवर नाणं पडावं तशी झणझण. 'शॅडोज'च्या हँक मार्विनचा स्वच्छ आवाज त्याचाच आणि 'क्वीन'च्या ब्रायन मेचा दाट, व्हायोलिनसारखा ताणलेला आवाजही त्याचाच.

आताचे महागडे ॲम्प हे याच तिघांचे वंशज. मार्क सॅम्पसन आणि रिक पेरोटा यांनी १९८९ मध्ये काढलेल्या मॅचलेसचा डीसी-३० म्हणजे दणकट हाडाचा एसी३०. रँडल स्मिथनं फेंडर प्रिन्स्टनच्या छोट्या पेटीत मोठ्या ॲम्पची ताकद भरली, तो आवाज कार्लोस सांतानाला आवडला आणि त्यातून मेसा बूगी उभी राहिली. डंबल (त्याच्याबद्दल सातव्या मुद्द्यात) आणि त्याच्या वाटेनं गेलेला टू-रॉक यांचं मूळही फेंडरच्या स्वच्छ आवाजात. त्यामुळे मॅचलेस तपासायचा असेल तर तो निकोप एसी३० शेजारी तपासा. टू-रॉकसमोर ट्विन रिव्हर्ब ठेवा. पैशांनी काय मिळालं ते तिथंच कळतं.

३. हाताला जे लागतं ते पॉवर सप्लायमध्ये असतं.

टोन म्हटलं की लोक कानाबद्दल बोलतात. पण ॲम्पसमोर गिटार घेऊन बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी जाणवतं ते हाताला. ॲम्प कडक आहे की मऊ, तार छेडल्याक्षणी उत्तर देतो की अर्धा श्वास घेऊन, हे वाजवणाऱ्याला पहिल्या दोन कॉर्डमध्येच कळतं. समोर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

यातलं बरंचसं रेक्टिफायरवर ठरतं. भिंतीतून येणाऱ्या विजेचं एकदिश विजेत रूपांतर करायला जुन्या ॲम्पमध्ये जीझेड३४ सारखी ट्यूब असे. लंडनच्या वर्कशॉपमध्ये नवशिक्या मुलाला हे दाखवायची एक पद्धत होती. एसी३० उघडायचा, काट्याचा जुना मीटर मुख्य व्होल्टेजला जोडायचा आणि ॲम्प चढा ठेवून गिटारवर खालच्या तारांची जाड कॉर्ड मारायची. काटा दचकून खाली येतो, आणि कॉर्ड विरत जाते तसा सावकाश वर चढतो. त्या वेळी स्पीकरमधून ऐकू येतं तेही तसंच : पहिला ठोसा किंचित दबतो आणि मागून स्वर फुलत येतो. तेच मोठ्या मार्शलवर किंवा ट्विनवर करून पाहा. तिथं सिलिकॉन डायोड आहेत; काटा फारसा हलत नाही आणि कॉर्ड कानफटात मारल्यासारखी येते. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच. कंट्री वाजवणाऱ्याला ट्विनचा तो ताठपणाच हवा असतो. मॅचलेसच्या डीसी-३० मध्ये एका जीझेड३४ ऐवजी दोन ५व्ही४ लावायची सोय ठेवली आहे ती वाजवणाऱ्याला हा मऊपणा कमी-जास्त करता यावा म्हणून. स्पीकरपासून दूर बसलेल्याला त्यातला फरक मी तरी कधी ओळखताना पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट निगेटिव्ह फीडबॅकची. फेंडर आणि मार्शलमध्ये आउटपुटचा थोडा भाग उलटा फिरवून मागे दिलेला असतो. त्यानं ॲम्प बराच वेळ शिस्तीत राहतो आणि मग एकदम फाटतो. एसी३० मध्ये हे नाहीच, म्हणून तो पहिल्यापासून थोडाथोडा उसवत जातो. स्वच्छ आणि फाटका यांच्यामध्ये नेमकी रेघ सापडत नाही. हळू-जोरात वाजवून भाव काढणाऱ्यांचा जीव व्हॉक्सवर जडतो तो यासाठी. त्याला 'क्लास ए' म्हणून विकायची पद्धत आहे, पण पूर्ण ताकदीवर मोजलं तर तो क्लास एबीच निघतो. ते बिरूद मनावर घेऊ नका.

४. लूपर लावून ऐका, मग लूपर काढून वाजवा.

इतकी वर्षं हे काम केल्यावर मला सगळ्यात ठामपणे म्हणता येईल अशी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दोन ॲम्पची तुलना करताना गिटारचं एकच वाक्य लूपर पेडलमध्ये भरून ठेवावं आणि तेच दोन्हींना पाळीपाळीनं द्यावं, म्हणजे वाजवण्यातला फरक आड येत नाही. पद्धत रास्त आहे, मीही वापरतो. आवाज जुळवलेले, दोन्हींना तोच स्पीकर, ऐकणाऱ्याची ॲम्पकडे पाठ. अशा वेळी एकाच घराण्यातले दोन ॲम्प एकमेकांच्या इतके जवळ येतात की भलेभले चाचपडतात. मुंबईत एकदा एका नावाजलेल्या स्टुडिओ गिटारिस्टला मी असं बसवलं. त्याचा स्वतःचा टू-रॉक होता आणि शेजारी आमचा भाड्याचा, कोपरे झिजलेला ट्विन. तीन-चार वेळा ऐकून तो म्हणाला, "अरे, दुसरा माझा ना?" दुसरा ट्विन होता.

मग लूपर काढून त्याच्या हातात गिटार दिली. अजूनही पाठ ॲम्पकडेच. दोन सेकंदांत म्हणाला, "हा माझा." कशावरून, तर "हा मला सांभाळून घेतोय."

त्याचं म्हणणं खरंच होतं. लूपरमध्ये वाजवणारा गोठलेला असतो. खरा वाजवणारा ॲम्पचं उत्तर ऐकून पुढचा स्वर बदलतो. स्वर लांबतोय असं वाटलं की डाव्या हाताचा कंप सैल करतो. ॲम्प कडक वाटला की उजवा हात पुलापासून दूर नेतो. ॲम्प माणसाचं वाजवणं बदलतो, आणि ते बदललेलं वाजवणं श्रोत्याला ऐकू येतं. म्हणून सात लाखांतला काही हिस्सा श्रोत्यापर्यंत पोचतो तो या आडवाटेनं. स्पीकरमधून सरळ नाही.

हे एकदा ध्यानात आलं की बाजारात चालणारी निम्मी भांडणं मिटतात. "मला काहीच फरक ऐकू आला नाही" म्हणणारा आणि "जमीन-अस्मानाचा फरक आहे" म्हणणारा दोघंही खरं बोलत असतात. एक समोर बसलेला असतो, दुसऱ्याच्या गळ्यात गिटार असते. त्यामुळे स्टुडिओत दुसऱ्यानं वाजवलेलं रेकॉर्डिंग ऐकून सात लाखांचा ॲम्प ठरवणं मला पटत नाही. ते रेकॉर्डिंग तुमच्या हाताबद्दल काहीच सांगत नाही.

५. पैसे कमी असतील तर स्पीकर बदला.

ऐकणाऱ्याच्या कानाला सगळ्यात मोठा फरक करणारी वस्तू हीच, आणि सगळ्यात स्वस्तही. सेलेस्टियनचा अल्निको ब्लू जेमतेम १५ वॅटचा, पण एका वॅटला एक मीटरवर १०० डेसिबल देणारा. २५ वॅटचा ग्रीनबॅक ९८ देतो आणि मधले स्वर खरखरीत, लाकडी करतो. ६० वॅटचा व्हिंटेज ३० पुन्हा १०० डेसिबल, पण वरच्या मधल्या पट्टीत पुढे सरसावलेला. ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३० यांच्यातला दोन डेसिबलचा फरक पहिल्या मुद्द्यात सांगितलेलाच घोटाळा करतो : पेटी बदलली की आवाज पुन्हा मोजा. डीसी-३० मध्ये दोन वेगळ्या जातीचे सेलेस्टियन शेजारी बसवले आहेत, आणि त्या ॲम्पच्या श्रीमंत आवाजाचं निम्मं श्रेय मी त्या जोडीला देतो.

आणखी एक. बारा इंची स्पीकर वरचे स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो. ॲम्प जमिनीवर आणि तुम्ही त्याला चिकटून उभे, म्हणजे झोत पोटरीवर पडतो. तुम्हाला आवाज मंद वाटतो, ट्रेबल वाढवता, आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाच्या कानात सुई घुसते. तुलना करताना दोन्ही ॲम्प खुर्चीवर किंवा मागे कलते ठेवा.

६. ट्यूब बदलून चमत्कार होत नाही.

प्रीॲम्पची एक १२एएक्स७ काढून दुसऱ्या कंपनीची लावली तर फरक पडतो, पण स्पीकरच्या मानानं फार थोडा. खरोखर फरक हवा असेल तर जातच बदला : १२एएक्स७ चा गुणक १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०. पहिल्या जागी ५७५१ लावली की फार गेन असलेला ॲम्प माणसात येतो. आउटपुट ट्यूब बदलल्या की बायस तपासून घ्यावा लागतो, आणि बऱ्याच ॲम्पमध्ये तो आत हात घालून जुळवायचा असतो. तिथं चारशेच्या वर व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या.

आज नव्या ट्यूब मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. जुन्या मलार्डच्या किमती आकाशाला भिडल्या आहेत. आपल्याकडे मात्र एक गंमत आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बंगळुरात रेडिओंसाठी ईएल८४ आणि ईसीसी८३ भरपूर बनवल्या, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या जुन्या दुकानदाराच्या माळ्यावर त्यांचे खोके अजून निघतात. टिकाऊ माल. एसी३० वाल्यांनी चौकशी करून ठेवावी; चारही जुळणाऱ्या मिळतीलच असं नाही, म्हणून मोजून घ्याव्यात.

७. डंबलची नक्कल घेताना मूळ डंबल कोणासाठी होता ते विसरू नका.

अलेक्झांडर डंबल २०२२ च्या जानेवारीत गेला. आयुष्यभरात त्यानं तीनशेच्या आसपास ॲम्प केले असावेत, आणि त्यांची किंमत आता लाख डॉलरच्या पलीकडे आहे. कोणी सर्किट चोरू नये म्हणून तो आतल्या भागांवर इपॉक्सी ओतून ठेवत असे. त्याचा ओव्हरड्राइव्ह स्पेशल आतून पाहिला तर कल्पना साधी आहे : आधी फेंडरसारखा स्वच्छ प्रीॲम्प, आणि त्यातून आलेला सिग्नल पुढच्या दोन टप्प्यांत पुन्हा वाढवून ओव्हरड्राइव्ह. फाटका आवाज स्वच्छ आवाजाच्याच अंगावर चढतो, म्हणून दाट असूनही प्रत्येक स्वर सुटा राहतो.

पण डंबलची खरी ख्याती वेगळ्या गोष्टीत होती. तो ज्याच्यासाठी ॲम्प करायचा त्याचं वाजवणं आधी ऐकून घ्यायचा आणि ॲम्प त्या माणसाच्या बोटांवर बेतायचा. म्हणजे चौथ्या मुद्द्यात म्हटलं ते त्यानं कधीच ओळखलं होतं. आता ज्या नकला मिळतात त्या कुणाच्या तरी मापाचा कोट. मी अशा बऱ्याच नकला वाजवल्या आहेत. काही सुरेख आहेत, पण मधले स्वर इतके पुढे असतात की दोन गिटारांच्या बँडमध्ये दुसऱ्याला जागाच उरत नाही. ज्या गिटारवादकाच्या नावानं हा आवाज गाजला त्या रॉबेन फोर्डनंसुद्धा दौऱ्यावर अनेकदा डंबल न नेता फेंडर ट्विन आणि झेनड्राइव्ह नावाचं एक पेडल यांवर काम भागवलं आहे, आणि तरी तो रॉबेन फोर्डच वाटतो.

८. गिटारचा व्हॉल्यूम तीनवर आणा.

कुठल्याही महागड्या ॲम्पची माझी पहिली चाचणी. ॲम्प चांगला फाटेपर्यंत चढवायचा आणि मग गिटारवरचा नॉब हळूहळू खाली. चांगला ॲम्प वाटेत प्रत्येक पायरीवर वेगळं काही देतो आणि तळाशी स्वच्छ, तरीही जिवंत राहतो. सुमार ॲम्प तिथं नुसता मातकट होतो. न्यू जर्सीच्या केन फिशरनं ट्रेनरेक एक्सप्रेस हा ॲम्प याच एका गुणावर रचला. ॲम्पना तो नंबर देण्याऐवजी बायकांची नावं द्यायचा. २००६ मध्ये तो गेला. त्याच्या धर्तीचे ॲम्प वाजवताना मात्र जपा. चूक झाली तर ते सगळ्यांना ऐकवतात.

९. १५ वॅट म्हणजे ३० च्या निम्मा आवाज नव्हे.

हा हिशोब फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी. ताकद निम्मी केली की फक्त तीन डेसिबल उतरतात. कानाला आवाज निम्मा वाटायला दहा डेसिबल, म्हणजे ताकद एक-दशांश व्हावी लागते. ३० वॅट आणि १०० डेसिबलचा स्पीकर म्हणजे एक मीटरवर ११५ डेसिबलच्या घरात. १५ वॅटचा घेतलात तर ११२. शेजारचे काका दोन्हींना सारख्याच वेळात दार ठोठावतील. ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून ताकद गिळणाऱ्या ॲटेन्युएटरनं भागतं, पण दोन गोष्टी धरून चाला : स्पीकरचा कोन हलायचा थांबतो, आणि कान खर्ज ऐकायचा थांबतो. त्या पातळीवर सात लाखांच्या ॲम्पची परीक्षा घेणं अन्यायाचं आहे. पुण्या-मुंबईतले माझे दोन-तीन मित्र घरी केम्परसारखा डिजिटल ॲम्प वापरतात आणि ॲम्प रिहर्सल रूममध्ये ठेवतात. त्यांना मी हसत नाही.

१०. हाताची वायरिंग दुरुस्तीसाठी पाहा, आवाजासाठी नाही.

हायवॉटच्या जुन्या डीआर१०३ मध्ये हॅरी जॉइसच्या हाताखालची वायरिंग पाहिली की माणूस गप्प होतो. तारा काटकोनात, बांधलेल्या, लष्करी शिस्तीत. पण म्हणून छापील बोर्डाचा ॲम्प हलका ठरत नाही. सोल्डानोचा एसएलओ-१००, महागड्या जबर गेनच्या ॲम्पांतला मापदंड, छापील बोर्डावरच आहे. पाहायचं ते हे : नॉब, जॅक आणि ट्यूबचे सॉकेट थेट बोर्डावर सोल्डर केलेत का? केले असतील तर ट्यूबची उष्णता आणि जॅकला बसणारे हिसके सगळे बोर्डानं सोसायचे, आणि पाच-सात वर्षांत माझ्यासारख्याला काम मिळणार. ट्रान्सफॉर्मर केवढा आणि कसला हेही बघा. पैसा तिथं गेलेला असावा.

११. वीज आणि पाऊस यांचा हिशोब भारतात वेगळा.

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो; पण तिथली वीज ६० हर्ट्झची. फक्त तेवढ्यासाठीच बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. शक्य असेल तर निर्यातीसाठीचा, ५० हर्ट्झ लिहिलेला घ्या. रात्री लोड उतरला की आपल्याकडे व्होल्टेज चढतं, आणि त्याबरोबर ॲम्पच्या आतलं प्रत्येक व्होल्टेज त्याच प्रमाणात चढतं. दुपारी गोड वाटलेला ॲम्प रात्री कडक का वाटतो याचं उत्तर पुष्कळदा प्लगमध्येच असतं. जुन्या ब्रिटिश ॲम्पच्या पाठीवर व्होल्टेजचा सिलेक्टर असतो, तो कशावर आहे ते सुरू करण्याआधी पाहावं. स्पीकर जोडल्याशिवाय तर सुरू करूच नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आणि पाऊस. साठच्या दशकातल्या फेंडरमध्ये भाग ज्या काळ्या फायबर बोर्डावर बसवलेत तो ओल धरतो. ओल धरली की बोर्डच थोडी वीज वाहायला लागतो. ॲम्प कुरकुरतो, बायस सरकतो, आणि लोक उगाच ट्यूब बदलत बसतात. ओळखायचं सोपं आहे : मीटरचं एक टोक चेसिसला लावून दुसरं बोर्डाच्या मोकळ्या, तार नसलेल्या जागेवर टेकवा. तिथं शून्य असायला हवं. मुंबईच्या जुलैमध्ये तिथं काही व्होल्ट सापडलेत. अर्थात हेही चालू ॲम्पमध्ये, म्हणून जाणत्यानंच करायचं. हेअर ड्रायरनं हळूहळू शेकलं तर आवाज ताळ्यावर येतो, पण पुढच्या पावसापर्यंतच. पक्का इलाज म्हणजे बोर्ड बदलणं, आणि मूळ बोर्ड बदलला की जुन्या फेंडरची संग्राहकांकडची किंमत पडते. कोकणपट्टीत किंवा मुंबईत त्या काळातला 'ब्लॅकफेस' फेंडर घेणाऱ्यानं हा खर्च आधीच वजा करून सौद्याला बसावं, आणि सौदा जमलं तर ऑगस्टमध्ये करावा.